प्लग मालकाने काढला

गाडी चार्जिंगला लावलीस ना? बरं केलंस. प्लग नीट बसलाय का, ओढून बघितलास? नाही, आपलं विचारलं. नव्या गाड्या शहाण्या असतात. गाडीला कुलूप लागलं की प्लगसुद्धा आतून धरून ठेवतात, बाहेरून कोणी ओढला तरी सुटत नाही, असं म्हणतात. म्हणतात खरं.

बस इथे. तुम्हीही बसा रे दोघं, भाच्याचे मित्र म्हणजे काही परके नाहीत. एवढा एकच दिवा राहू दे. तुझी मामी झोपलीये, तेव्हा हसायचं ते हळू हसा. आणि तो मोबाईल उलटा ठेव. तोंडावर उजेड आला की माझी गाडी पुढे सरकत नाही.

मी जन्मभर गाड्यांच्या सीटा शिवल्या, हे तुला ठाऊक आहे. कव्हरं, गाद्या, खालच्या मॅट, सगळं. त्यामुळे गावातले टॅक्सीवाले झाडून सगळे माझ्या ओळखीचे. त्यातलाच एक होता, त्याला आम्ही रेडिओ म्हणायचो. का म्हणजे? अरे, गाडी सुरू झाली की याचं तोंड सुरू. उतारू उतरला तरी याचं वाक्य संपलेलं नसायचं. एकदा एक बाई नुसत्या मान डोलवत बसल्या होत्या, उतरताना कळलं की त्यांना ऐकू येत नाही. रेडिओ म्हणाला, इतकं चांगलं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नाही.

पण घरी गेला की हा माणूस वेगळा व्हायचा. त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मी तिला वहिनी म्हणायचो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिथून परत आली की ती भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि हा स्वयंपाकघरात भांडीसुद्धा आवाज न करता घासायचा. दुसरी किडनी मिळावी म्हणून तिचं नाव मोठ्या शहरातल्या इस्पितळात लावलेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, फोन कधीही येईल. रात्री येईल, पहाटे येईल. आला की सहा तासांत पोचायचं. नाही पोचलात तर ती किडनी पुढच्या पेशंटला. आमचा नाइलाज आहे.

शहर इथून दोनशे किलोमीटर. मध्ये डोंगर.

तर रेडिओनं विजेवरची गाडी घेतली होती ती तिच्याच नावावर. म्हणायचा, हिच्या नावाची गाडी हिला घेऊन जाईल. आणि रोज रात्री गाडी चार्जिंगला लावायची, हे त्याचं एक व्रतच झालं. फोन आला तर गाडी पोटभर जेवलेली पाहिजे. त्याची गल्ली अरुंद, गाडी आत जात नाही. पण गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा होती, तिथे वीज कंपनीनं चार्जिंगची दोन यंत्रं बसवली होती. हळू चालणारी, रात्रभर लावून ठेवायची. स्टँडजवळही एक होतं, पण दिवसा तिथे रांग, आणि रात्री ते लोक फाटकाला कुलूप लावून घरी जात. मग हीच जागा. एका बाजूला इस्त्रीवाल्याची टपरी, तो आपल्या कोळशाची राख तिथेच ओतायचा. पूर्वी तिथे विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर होता. खांब कापून नेला, बुंध्यावर सिमेंट ओतलं.

पहिल्या रात्री त्यानं गाडी लावली, हिरवा दिवा बघितला, गाडीला कुलूप घातलं, घरी येऊन झोपला. सकाळी जाऊन बघतो तर गाडी होती तिथेच, पण बॅटरी भरलीच नव्हती. प्लग बाहेर. वायरचं वेटोळं करून जमिनीवर ठेवलेलं, अगदी व्यवस्थित, आणि त्यावर प्लग.

त्याला वाटलं, आपणच विसरलो. दुसऱ्या रात्री दोनदा ओढून बघितला. सकाळी तेच. प्लग हातात घेतला तर कोमट लागला. थंडीचे दिवस, लोखंडाला हात लावला तर बोटं बधिर होत होती, आणि प्लग कोमट. कोणीतरी मुठीत धरून आत्ताच ठेवल्यासारखा.

मग काय, गल्लीतल्या एकेकाचा उद्धार झाला. इस्त्रीवाल्याशी भांडण झालं. तो बिचारा म्हणाला, मला तुझ्या प्लगची इस्त्री करायची आहे का? शेजारच्या पोरांना दम दिला. दुसऱ्या एका टॅक्सीवाल्याची तर गचांडी धरली. तो म्हणाला, अरे, तुझ्या घरात काय चाललंय ते आम्हाला माहीत नाही का? आम्ही असं करू का रे? रेडिओ तिथेच रडला. माझ्या दुकानासमोर घडलं हे, म्हणून सांगतो.

त्यानं गाडीच्या कंपनीचा माणूस बोलावला. पोरगेला होता, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. त्यानं गाडीला आपलं यंत्र जोडलं आणि बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला,

"काका, कोणी छेडछाड केलेली नाही. गाडी म्हणतेय, प्लग मालकाने काढला."

"मालक मीच की. मी घरी झोपलो होतो."

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्या उशाखाली."

"दुसरी?"

"बायकोच्या."

"मग बघा," तो म्हणाला, "गाडी कोणाच्या नावावर आहे?"

एवढं बोलून तो पोरगा गेला. किल्लीचा गुप्त आकडा बदलून गेला, त्याचं काम त्यानं चोख केलं. पण जाता जाता रेडिओच्या डोक्यात किडा सोडून गेला.

त्या रात्री यानं बायकोला विचारलं. विचारायला नको होतं. पण जीव टांगणीला लागला की माणूस काय बोलेल सांगता येत नाही. म्हणाला, "तूच काढतेस का? कंटाळलीस का तू? एकदा सांगून टाक, जायचं नाही म्हणून."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग म्हणाली,

"मला जगायचंय हो."

एवढंच. रेडिओ मला म्हणाला, दादा, त्या वेळी मला माझीच जीभ उपटून फेकाविशी वाटली.

मग त्यानं इस्त्रीवाल्याच्या टपरीवर एक छोटा कॅमेरा बसवला. इस्त्रीवाल्यानंच बसवू दिला, भांडण विसरून. आणि दुसऱ्या दिवशी, डायलिसिसहून घरी आल्यावर, दोघांनी मिळून मोबाईलवर बघितलं. ती अंथरुणात, हा कडेला.

गाडी दिसते. हिरवा दिवा दिसतो. बराच वेळ काहीच नाही. एक मांजर जातं.

मग दिवा विझतो. प्लग आपोआप सुटतो. खाली पडत नाही. बाजूला सरकतो, हळूच, जिथे पूर्वी खांब होता तिथे जातो. आणि थांबतो. हवेत. कमरेएवढ्या उंचीवर. पोटाशी घट्ट धरल्यासारखा... आणि तसाच राहतो. रात्रभर. उजाडायला लागलं की खाली टेकतो, वायरची वेटोळी होतात. बस.

रेडिओच्या तोंडचं पाणी पळालं. पण वहिनी नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "तो फ्यूज आहे."

आता हे नीट ऐका. वहिनीचे वडील वीज कंपनीत लाइनमन होते. त्या खांबावरच गेले ते, ती नऊ वर्षांची असताना. रेडिओला एवढं माहीत होतं, पुढचं तिनं त्या रात्री सांगितलं. त्या काळी लाइनमन खांबावर चढायच्या आधी खालच्या पेटीतला फ्यूज उपटायचा. चिनी मातीचा, मूठभर. फ्यूज काढला की तार मेली. पण मागून कोणी येऊन तो परत घातला तर? म्हणून तो फ्यूज भरवशाच्या माणसाच्या हातात द्यायचा. त्या माणसानं खाली उभं राहायचं. आणि वरचा माणूस खाली येऊन स्वतःच्या तोंडानं "उतरलो" म्हणत नाही, तोवर फ्यूज कोणाला द्यायचा नाही. साहेब आला तरी नाही. देव आला तरी नाही.

शाळा नसली की तिचे वडील फ्यूज तिच्या हातात द्यायचे. पोटाशी धरून उभी राहायची ती.

त्या दिवशी ऑफिसातला एक माणूस घाईघाईत आला. म्हणाला, तुझा बाप उतरलाय, पलीकडच्या बाजूनं. दे इकडे. तिनं दिला.

रेडिओनं विचारलं, "म्हणजे तुझे बाबा... काढतात?"

ती म्हणाली, "त्यांना अजून वाटतंय, ते वर आहेत."

ती रात्र मंगळवारची. डिसेंबर महिना, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रेडिओनं ठरवलं, आज प्लगपाशी खुर्ची टाकून बसायचं. कोण येतंय बघतो, सासरा असो की आणखी कोणी. बसला. तो बसला होता त्या अर्ध्या तासात प्लग जागेवर होता, दिवा हिरवा होता. पण घरात वहिनीला उलट्या सुरू झाल्या, तिनं फोन केला, हा पळत आत गेला. तिला पाणी देतोय, पाठ चोळतोय, तेवढ्यात दुसरा फोन वाजला. पावणेदोन झाले होते.

इस्पितळाचा.

किडनी मिळतेय. लगेच निघा.

त्यानं तिला शालीत गुंडाळलं, जवळजवळ उचलून आणलं. गल्लीच्या तोंडाशी आला तर दिवा विझलेला. प्लग खाली. गाडीत बावीस टक्के.

बावीस टक्क्यांत डोंगर पार होत नाही. डोंगराच्या अलीकडचं हायवेवरचं चार्जिंग बंद पडलेलं, हे त्याला कालच कळलं होतं. पलीकडचं मोठं, झटपट भरणारं. तिथवर पोचायला इथे निदान तासभर तरी गाडी भरायला हवी. त्यानं दोन टॅक्सीवाल्यांना फोन लावले. एक दूरच्या भाड्याला गेलेला, दुसरा उचलेना. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, यायलाच दोन तास लागतील. माझा फोन बंद होता. मी रात्री बंद ठेवायचो तेव्हा. आता नाही ठेवत.

तासभर. सहा तासांतला एक तास. परवडेल. त्यानं वहिनीला मागच्या सीटवर बसवलं आणि प्लग लावला.

टक्. हिरवा दिवा.

तो वळला... मागे टक्.

दिवा नाही. प्लग बाहेर.

पुन्हा लावला. हातानं धरून उभा राहिला. तर हातातून सुटला. जोर नव्हता त्यात, म्हणतो. झटका नाही, हिसका नाही. नुसतं ओढणं. न थकणारं. तुम्ही कितीही दाबा, ते तेवढंच ओढत राहणार.

त्यानं शिव्या दिल्या. मग हात जोडले. अंगातला स्वेटर काढून प्लगभोवती आवळून बांधला. गाठ सुटली. मग रस्त्यावर गुडघे टेकून वर बघत म्हणाला, "सासरेबुवा, तुमचीच लेक आहे. तुमचीच आहे हो. मरेल ती."

वर काही नव्हतं. खांबच नव्हता. नुसतं आभाळ.

गाडीचं मागचं दार उघडलं. वहिनी पाय बाहेर टाकून दाराच्या कडेवर बसली. प्लगची जागा तिथून हाताशीच. म्हणाली, "द्या इकडे."

"तुझ्यानं होणार नाही."

"द्या."

तिनं दोन्ही हातांनी धरला. तिचे ते हात... सुयांनी चाळण झालेले. तिनं तो आत दाबला आणि तसाच धरला. दिवा लागला. मिणमिणला. परत लागला.

मग तिनं वर बघून हाक मारली. "बाबा."

दिवा परत मिणमिणला.

"बाबा, उतरा आता. मला जायचंय."

तिनं प्लग आणखी आत दाबला. "ओढतंय," म्हणाली.

"वर?"

"नाही." ती थांबली. "खाली... इथे."

आणि तिनं मान खाली केली. रेडिओ म्हणतो, ती आपल्या शेजारी बघत होती. जिथे खांब होता तिथे. कमरेएवढ्या उंचीवर. तिथे काहीही नव्हतं. पण तिचा चेहरा असा झाला, की त्याला दोन पावलं मागे सरावं लागलं. घाबरलेला नव्हता तो चेहरा. एखाद्याला ओळखल्यावर होतो तसा होता.

मग ती बोलायला लागली, अगदी हळू. त्यानं ऐकलं ते असं.

"मला माहीत होतं. त्यांचा आवाज आलाच नव्हता. तो माणूस म्हणाला उतरले, पण मी ऐकलं नव्हतं. पाय दुखत होते. कंटाळा आला होता... म्हणून दिला."

"कोणालाच सांगितलं नाही मी."

दिवा मिणमिणतोय.

"ते नाही उतरणार. किती उभं राहिलं तरी नाही. कधीच नाही."

मग...

"सोड गं आता. मी धरते."

...

"सोड."

आणि वायर सैल झाली.

दिवा हिरवा. एकदम स्थिर.

वहिनीनं प्लग तासभर धरून ठेवला. धरायची गरज नव्हती, त्याला कुलूप लागलं होतं. पण तिनं धरला. रेडिओ तिच्यासमोर उकिडवा बसून होता. तासाभरात त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मला म्हणाला, "दादा, मला एकच कळेना. सासऱ्याला कोणी गं म्हणतं का?"

मी म्हटलं, भेदरलेला माणूस काहीही ऐकतो.

निघाले ते. डोंगर पार केला. पलीकडे गाडी भरली, तिथे प्लगनं काही त्रास दिला नाही. वाटेत वहिनी झोपली नाही. सीट सगळी मोकळी होती, आडवी पडली असती, पण ती एका कडेला सरकून बसली होती, आणि तिचा एक हात मधल्या जागेवर पसरलेला होता. उजाडताना इस्पितळाच्या दारात पोचले. वेळेत. तिला स्ट्रेचरवरून आत नेलं आणि रेडिओ पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. किडनी बसली. जगली ती. आजही आहे, परवाच भाजी घेताना भेटली, मला म्हणाली, भाऊजी, वजन वाढलं तुमचं.

पुढचं मी स्वतः पाहिलंय.

तिला घरी आणायच्या आधी रेडिओ गाडी घेऊन माझ्या दुकानात आला. मध्ये पंधरा दिवस गाडी इस्पितळाच्या आवारात उभी होती, मागचं दार कोणी उघडलं नव्हतं. म्हणाला, तिला जंतूंपासून जपायचंय, मागची मॅट नवी घाल. मी दार उघडून वाकलो. मॅट फिकट रंगाची, मीच कापून दिलेली. तिच्यावर इस्त्रीवाल्याच्या राखेचे ठसे होते. वहिनीच्या चपलांचे. चढतानाचे, आणि उतरतानाचे, उलट्या तोंडाचे.

आणि त्यांच्या शेजारी...

अनवाणी पावलं. दोन. माझ्या या वितीत मावतील एवढी. बोटं मोजता येत होती.

त्यांना मूलबाळ नाही रे. त्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी लहान मूल बसलं असेल तर उतारूंचं, म्हणून मी रेडिओला विचारलं. तो म्हणाला, फोन आला त्याच्या आदल्या संध्याकाळीच मी मॅट धुतली होती.

मी मॅट बाहेर काढली. उजेडात धरली. मग दाराची, चढताना पाय पडतो ती पट्टी बघितली. पट्टीवर एक पाऊल होतं, तसंच लहान. आत येतानाचं.

दुसरीकडचं दार उघडलं. तिथे बघितलं. सीटखाली बघितलं. सगळीकडे बघितलं मी.

आत येतानाचं होतं.

उतरतानाचं एकही नव्हतं.